जात्याले टाकी

चांदूर बाजार
१२ जुलै २०२४

चि. रोहितले आजीचे गंज आशीर्वाद.

गंज म्हणजे खूप, विसरला असशीन. आठवत असन तं आठव, नाईतं तुह्या बायकोले, गीतांजलीले विचार, तुले एक आजी हाय. पार्बताबाई तिचं नाव. वय त्र्याऐंशी, दात चार, त्यातला एक हलते. रंगपंचमीले येतो म्हणून गेला होता, आता आषाढ लागला. माहा पितळी डबाबी तुह्याच घरी हाय. त्यातले लाडू ध्यानात असतीन, डबा नसन.

फोन काहून नाई केला म्हणशीन. फोन कानाले लावला का कानातलं यंत्र कुईकुई करते अन मी नुसती हाव हाव म्हणत राहते. मागच्या खेपेस तू काई तरी विचारलं, मी हाव म्हटलं. मंग तुह्या बापानं सांगतलं का मी अकोल्याले कायमची राहाले कबूल झाली. म्हणून हे पत्र. लिहून राहिली तुही माय, म्हणजे माही सून चंदा. मले अक्षर येत नाई, तिले माह्यापुढं बोलता येत नाई, दोघी मिळून एक शहाणी बाई होते. हे लिहाले ती नाई म्हणत होती. मी म्हटलं, लिही.

आता मुद्दा. गीतांजलीनं चंदाले सांगतलं का तू महिन्यातून एका शनिवारी काळा कोट घालून त्या भूतबंगल्यात जातो, तिथं पांढरा एप्रन बांधतो, अन घरी आला का आत काय केलं ते सांगत नाई. पोळ्या लाटत असशीन तं सांगून टाक, आमी कोणाले बोलणार नाई. शेजारची तानुबाई म्हणते ते लोक बकरं कापतात. मी म्हटलं, आमचा रोहित कोंबडीची टांग पाह्यली तरी तोंड फिरवते. तुहा बाप संत्र्याच्या बगिच्यात हाय, त्याले जगाचं काई पडलं नाई. तुही माय मात्र दोन दिवस धड जेवली नाई.

खरं काय ते लिहून पाठव. मले भेव नाई. मले नुसती उत्सुकता हाय, अन ते दुखणं भेवापेक्षा वाईट.

तुही आजी
(हा पिवळा डाग म्हणजे माहा अंगठा. शाई सापडली नाई, हळद लावली.)

*

अकोला
२४ जुलै २०२४

तीर्थरूप आजीस रोहितचा साष्टांग नमस्कार.

डबा सापडला. त्यात गीतांजलीनं सुया-दोरे ठेवले आहेत, म्हणून तो डबा आहे हेच आम्ही विसरलो होतो.

बकरं कापत नाहीत. पोळ्याही लाटत नाहीत. या मंडळाला फ्रीमेसन म्हणतात, त्यांच्या इमारतीला लोकांनी भूतबंगला नाव पाडलं आहे. फार पूर्वी विलायतेत दगड घडवणाऱ्या गवंड्यांची मंडळं होती. त्यांची हत्यारं पुढे ठेवून माणसानं स्वतःला कसं घडवावं हे शिकायचं, एवढंच. एप्रन त्यांचाच. देवावर श्रद्धा हवी, कोणत्या ते विचारत नाहीत. मी गीतेवर हात ठेवून शपथ घेतली, माझ्या शेजारच्या डॉक्टरांनी कुराणावर. आत धर्म आणि राजकारण बोलायला बंदी आहे, त्यामुळे अर्धी मंडळी गप्पच बसतात.

कोणालाही घेत नाहीत. आधी सगळे सभासद एका पेटीत गुपचूप गोटी टाकतात, पांढरी किंवा काळी. काळी पडली की माणूस बाहेर. माझ्या वेळी सगळ्या पांढऱ्या निघाल्या.

आत एक ओबडधोबड दगड असतो आणि एक घडवून गुळगुळीत केलेला. पहिला म्हणजे मी, दुसरा म्हणजे मी जो व्हायला हवा तो. एक चोवीस इंची पट्टी असते, दिवसाचे चोवीस तास मोजायला: आठ कामाला, आठ विश्रांतीला, आठ देवाला आणि अडलेल्या माणसाला. रोज सकाळी मी दहा मिनिटं डोळे मिटून बसतो आणि आदल्या दिवशी कुठे वाकडा वागलो ते वहीत लिहितो. पहिल्या दिवशी तीन दोष सापडले. त्यातला एक ‘अति नम्रता’ होता. गीतांजलीनं ते वाचलं आणि ती तीन दिवस हसत होती.

का गेलो ते तुलाच सांगतो. मी फाटकाशी आलो की आचल पटकन पुस्तक उघडून बसते. अभ्यासाची आवड म्हणून नाही, बाप आला म्हणून. नऊ वर्षांची पोर. तिच्या डोळ्यांत मी कसा दिसतो ते एक दिवस मला दिसलं. हा राग जायला हवा, आजी.

तूही दहा मिनिटं बसून बघ. काय सापडतं ते कळव.

तुझा
रोहित

*

चांदूर बाजार
५ ऑगस्ट २०२४

चि. रोहितले आशीर्वाद.

तुहं पत्र चंदानं मले ऐकू येईन इतक्या मोठ्यानं वाचलं. म्हणजे तानुबाईलेबी ऐकू आलं. आता साऱ्या आळीले ठाऊक हाय का तू दगड हायेस.

चोवीस इंची पट्टी मले आवडली. मी माहा दिवस मोजला. आठ घंटे झोप. आठ घंटे चहा झाला काय म्हणून विचारणं. उरलेले आठ चंदाच्या कामात खोट काढणं. लिहिता लिहिता ती हसून राहिली, म्हणजे मोजणी बरोबर हाय.

दहा मिन्टंबी बसली. ओट्यावर, डोळे मिटून. आपले दोष पाहाचे म्हणते ना? आधी तानुबाईचे आले, सात. मंग तुह्या बापाचे. मंग मेलेल्या माणसायचे याले लागले, तुहे आजोबा तं रांगेत सगळ्यात पुढं. माहा नंबर येईपर्यंत चहा आला. दुसऱ्या दिवशी बसली तं डोळा लागला. तानुबाईले वाटलं समाधी लागली, तिनं पाया पडून घेतलं. मीबी पडू दिलं.

पण बापा, तुहा तो गुळगुळीत दगड मले पटला नाई. परवा आपलं जातं टाकवून घेतलं. नांदगाव खंडेश्वराकडची बाई येते, छन्नी-हातोडी घेऊन. पह्यले वर्षातून दोनदा ये, आता दोन वर्षातून एकदा, कारण जाते राह्यले कोणाकडं? तर जातं फिरून फिरून गुळगुळीत होते. दिसाले गोड, हात फिरवला तं गालावानी. पण दाळ भरडत नाई, नुसती घसरून खाली येते, आख्खीच्या आख्खी. मंग ती बाई मांडी घालून बसते अन ठोकून ठोकून त्याले पुन्हा खडबडीत करते. टाकी लावणं म्हणतात त्याले. तुह्या लोकायले विचारजो, गुळगुळीत होऊन पुढं दळणार काय? गीतांजली म्हणते, आजकाल तू भांडतच नाई, नुसता ‘तुझं बरोबर आहे’ म्हणतो. तिले समजत नाई हा नवरा हाय का ब्यांकेच्या खिडकीतला माणूस.

आचलचं मात्र मी चंदाले पुन्हा वाचाले लावलं. तू लहानपणी असा नव्हता. हा राग तुह्या लग्नापासूनचा हाय, मले ठाऊक हाय. पण तो दगड जुना हाय. त्याले हात लावू नको. बाकीचे घडव.

आजी (हळदीचा अंगठा)

*

अकोला
१९ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार.

जात्याचं आमच्या अध्यक्षांना सांगितलं. निवृत्त न्यायाधीश आहेत. ऐकून ते आधी हसले. मग म्हणाले, “बायकांना घेत नाहीत हा नियम आज पहिल्यांदा बरा वाटला. तुमच्या आजी आल्या असत्या तर माझी खुर्ची गेली असती.”

आतलं सांगायची बंदी असते, पण या खेपेला अडचण नाही, कारण मी आत गेलोच नाही.

शनिवारी एप्रन बांधायच्या खोलीत गेलो तर आरशासमोर शालिकराममामा उभे. आईचे सख्खे भाऊ, ज्यांच्याशी आपण अकरा वर्षं बोललो नाही ते. आठ वर्षांपासून सभासद आहेत म्हणे, अमरावतीहून येतात. मी घेतला गेलो त्या दिवशी आणि त्यानंतर एकदाही आले नव्हते, म्हणून मला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे एक नियम आहे. ज्याच्याशी वितुष्ट आहे असा बंधू समोर असेल तर एप्रन बांधायचा नाही. दोघांनी बाहेर जायचं, आधी मिटवायचं, मग आत यायचं. नाही मिटलं तर बाहेरच. अध्यक्षांनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता दार दाखवलं.

व्हरांड्यात सागवानी बाक आहे. एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये घडी घातलेले दोन एप्रन. दीड तास. मामांनी एकदा घसा खाकरला. मी एकदा डास मारला. स्वतःला घडवायला निघालेले दोन दगड, आजी, दोन्ही ओबडधोबड. शेवटी जेवायला हाक आली. जेवणाला वितुष्ट चालतं असं दिसतं, कारण दोघंही लगेच उठलो.

आई हे तुला वाचून दाखवत असेल आणि तिला वाईट वाटत असेल. पण लिहितोच. लग्नात नवरदेवाच्या मागे मामा उभा राहतो. माझा मामा आला नाही. ऐन वेळी मांडववाल्याला उभं केलं. अल्बम उघडला की माझ्यामागे तो दिसतो, तोंडात खिळे धरलेला. गेली अकरा वर्षं मी रागावलो की आधी तो फोटो आठवतो, मग समोरचा माणूस दिसतो.

आता मला हे मिटवायचं आहे, पण कुठून धरावं कळत नाही. अक्षत घेऊन अमरावतीला तू स्वतः गेली होतीस. मामांच्या हातात दिलीस. तेव्हा ते काय म्हणाले होते? चेहरा कसा होता? आठवून लिही.

तुझा
रोहित

*

चांदूर बाजार
३० ऑगस्ट २०२४

चि. रोहितले आशीर्वाद.

पोळा आला. बैलाच्या झुली शिवायच्या हायेत, वेळ नाई म्हणून थोडक्यात. अकरा वर्षांआधीचं मले काय आठवणार? सकाळी गोळी घेतली का नाई ते आठवत नाई. पाऊस होता. मी ओली झाली होती. शालिकराम दारात आला, मी अक्षत दिली, तो बरं म्हणाला असन. चहा दिला का नाई ध्यानात नाई. बाक गिक सोडून दे. डास चावतात. त्या मंडळात जायची तुले काय गरज हाय, घरी दगड कमी हायेत काय?

गुडघ्याचं तेल सरलं. पाठवजो.

आजी

(रोहित, हे मी माझ्या मनाचं लिहिते. आजी दोन दिवसांपासून धड जेवत नाहीत. दात दुखतो म्हणतात, पण कोणता ते विचारलं तर रोज वेगळा दाखवतात. — आई)

*

अकोला
२३ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या मंजुषाताईंच्या नावावर पाठवतो आहे. आईकडून वाचून घेऊ नकोस. त्या वाचतील, उत्तरही त्याच लिहितील. कोणाला सांगायच्या नाहीत.

परवा पुन्हा बाक. अर्धा तास तसाच गेला. मग मामांनी खिशातून वेलदोड्याची पुडी काढली, एक स्वतः घेतला, एक मधल्या एप्रनवर ठेवला. मी उचलला. मग म्हणाले, “रोहित, एक विचारू? सख्ख्या भाच्याची पत्रिका पोस्टमन देऊन गेला. त्यावर अक्षत घेऊन कोणी येईल म्हणून तुझ्या मामीनं चार दिवस घर सोडलं नाही. आम्ही इतके परके कधी झालो?”

मी म्हटलं, “आजी आली होती. तुमच्या हातात दिली.”

ते माझ्याकडे बघत राहिले. चिडले असते तर मी खोटं समजलो असतो. ते चिडले नाहीत. म्हणाले, “म्हणजे तुम्हाला सगळ्यांना असं वाटतं होय.” आणि पुडी बंद करून खिशात ठेवली.

मी घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू पाऊस लिहिला आहेस. आजी, लग्न वैशाखातलं. मांडवात बर्फाच्या लाद्या ठेवल्या होत्या.

आणखी एक. मला घ्यायच्या आधीच्या बैठकीत माझ्यासाठी गोट्या टाकल्या, तेव्हा मामा हजर होते. मंडळाच्या हजेरीवहीत त्यांची सही आहे. एक काळी टाकली असती तर कोणाला कळलंही नसतं. सगळ्या पांढऱ्या होत्या.

मी रागावलेलो नाही. म्हणजे आहे, पण वहीत लिहून ठेवला आहे. खरं काय ते मला कळायला हवं.

तुझा
रोहित

*

चांदूर बाजार
२ ऑक्टोबर २०२४, सर्वपित्री अवस

चि. रोहितले आशीर्वाद.

मंजुषानं दार लावून तुहं पत्र वाचलं. भली पोरगी. म्हणे, आजी, काय लिहू सांगा, कोणाले कळणार नाई. कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं. मी तोंड उघडलं, अन म्हटलं, राहू दे, ठेव.

मले अक्षर येत असतं नं रोहित, तं मी तुले हे गुपचूप लिहिलं असतं, लिफाफा डकवला असता अन सुटली असती. अक्षर नाई म्हणून सापडली. माह्या मनातलं कागदावर जाचं तं आधी कोणाच्या तरी कानातून जाते. मंग ज्या कानात अकरा वर्षांआधी जाले पायजे होतं त्याच कानातून जाऊ दे. म्हणून हे चंदाच लिहून राहिली. तुहं ते पत्रबी आता तिच्याकडूनच वाचून घेतलं. तिले वाटते मी आता सगळं समजावून सांगीन. चंदा, माह्याकडं पाहू नको, कागदाकडं पाय.

मी अक्षत दिली नाई.

तुह्या लग्नाच्या दोन वर्षं आधी शालिकरामानं घर बांधलं. वास्तुशांतीले मी गेली. मले दुसऱ्या पंगतीत बसवलं, पोट्ट्यायसंगं. पह्यल्या पंगतीत त्याच्या हापिसातले साहेब, त्यायच्या पानात मांडे. आमच्यापाशी येईपर्यंत मांडे सरले, आमाले पोळी. मी त्याच्या बहिणीची सासू, अन माह्या पानात पोळी. बस, एवढंच. याच्यापेक्षा मोठं काई घडलं असतं तं सांगाले तरी बरं वाटलं असतं.

मंग तुहं लग्न ठरलं. पत्रिका पोस्टानं सगळ्यायले गेल्या, पण भावाकडं घरचं माणूस अक्षत घेऊन जाले पायजे. मी म्हटलं, मी जाते. अमरावतीच्या स्टँडवर उतरली. त्याचं घर तिथून दहा मिन्टं. म्हटलं, जरा बसू. मंग म्हटलं, पाहू दे वाट. एक आलूबोंडा खाल्ला. दुसरा खाल्ला, तो चांगला नव्हता तरी खाल्ला. मनात म्हटलं, सख्खा भाचा हाय, पत्रिकेवर येईनच. बिनअक्षतेचा मांडवात आला का मी त्याले पाहून मनातल्या मनात हसीन. एवढाच माहा बेत होता. चारच्या गाडीनं वापस आली. चंदानं विचारलं, दिली? मी म्हटलं, हातात दिली.

तो आला नाई. त्याचीबी मान माह्यासारखीच ताठ निघाली. अन मांडवात सगळ्यात मोठ्यानं मीच बोलली का हातात अक्षत देऊन आला नाई.

चंदानं पेन ठेवला. उठून गेली.

आता आली हाय. पाणी पिऊन आली. मी म्हटलं, राहू दे, पुरं झालं. ती म्हणते, “सांगा. सुरू केलं तं पुरं सांगा.”

पुरं सांगते. लग्नाच्या आठ दिवसानं शालिकरामाचा फोन आला. चंदानं घेतला. तो म्हणाला, अक्षत आली नाई. चंदा म्हणाली, माही सासू खोटं बोलत नाई. माह्यासाठी तिनं आपल्या भावाले खोटं पाडलं अन फोन ठेवला. मी मागं उभी होती, सुपात तांदूळ घेऊन. निसत होती. निसतच राह्यली. त्यानंतर अकरा भाऊबीजा आल्या. ज्या बाईले भाऊ नाई ती चंद्राले ओवाळते. चंदा अकरा वर्षं अंगणात ताट घेऊन चंद्राले ओवाळत राह्यली, अन मी ओट्यावरून म्हणत होती, काय बाई एकेकीचं नशीब.

अक्षत मी फेकली नाई. तेवढी हिंमत नाई झाली. माह्या पेटीत हाय, हिरव्या फडक्यात बांधून. हळद हाय म्हणून तांदळाले कीड लागली नाई. तू सकाळी दहा मिन्टं बसतो, मी अकरा वर्षं त्या पेटीवर बसून हाय.

चंदानं सारं लिहिलं. एक शब्द इकडचा तिकडं केला नाई. आज अंगठा शाईचा हाय. हळद लावाले हात झाला नाई.

आजी

*

चांदूर बाजार
१४ ऑक्टोबर २०२४

चि. रोहितले आशीर्वाद.

हे मंजुषाचं अक्षर हाय. चंदा लिहून देत नाई. बोलतबी नाई. सयपाक करते, वाढते, गोळ्या देते. कानातलं यंत्र रोज पुसून देते, पण त्यातून ऐकू येईन असं काई बोलत नाई. मी आठ घंटे तिच्या कामात खोट काढत होती, आता ते आठ घंटे कुठं घालू समजत नाई. तानुबाईचे दोष काढाले बसली तं मन लागत नाई.

दसऱ्याले तिनं माह्या हातात आपट्याचं पान ठेवलं, पाया पडली, अन उठून गेली. मी पान पेटीत नाई टाकलं. उशाशी ठेवलं.

तुह्या बापाले म्हटलं, मले अमरावतीले नेऊन सोड. तो म्हणते, तुहे गुडघे चालत नाईत. मी म्हटलं, अकरा वर्षांआधी चालत होते, तेव्हा कुठं गेली? तो संत्रे पाहाले निघून गेला.

टाकीवाली बाई जातं ठोकते तेव्हा गंज भुगा उडते. पह्यलं पीठ कचकच लागते, ते खात नाईत. ते फेकाचं. तसं काई असन तं असू दे. भाऊबीज पंधरा-वीस दिवसावर आली, तेवढ्यासाठी तुले लिहून राहिली. तुह्या मामाले सांग, बुढी चुकली. त्याच्या बहिणीले शिक्षा नको.

आजी

*

अकोला
२१ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार.

हे पत्र आईनं वाचलं तरी चालेल. तिनंच वाचावं असं वाटतं.

तुझं सर्वपित्रीचं पत्र आलं त्या दिवशी मी वहीत काहीच लिहिलं नाही. शब्द सगळे मोठे होते आणि वही लहान. चार दिवस मी आईला फोन करत होतो, ती उचलून नुसती “बरी आहे” म्हणत होती.

शनिवारी दोन्ही पत्रं खिशात घेऊन गेलो. अध्यक्षांनी विचारायच्या आधीच मी आणि मामा बाकावर जाऊन बसलो, आता आमची जागा ठरलेली आहे. मी मोठं पत्र वाचायला घेतलं. आलूबोंड्यापाशी मामांनी चष्मा काढला. चंद्रापाशी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी वाचायचं थांबलो तर म्हणाले, “वाच.”

संपल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, “मांडे सरले होते? मला आठवतच नाही रे. पंगतीला कोण कुठे बसलं तेही आठवत नाही.”

तुला हे लिहू की नको असा विचार केला. पण खरं तेच लिहायचं ठरवलं आहे. त्यांना आठवत नाही, आजी.

मग ते म्हणाले, “तुझ्यामाझ्यात काय उरलं?” मी म्हटलं, “काही नाही.” “मग ऊठ.” मी एप्रन उचलला. त्याची नाडी मागे बांधावी लागते आणि मला गाठ जमेना. मामा उठून माझ्या मागे उभे राहिले आणि त्यांनी गाठ मारली. दोनदा मारली, पहिली सैल झाली म्हणून. मग आम्ही आत गेलो. आत काय झालं ते सांगता येत नाही.

पण बाहेर पडताना मामा म्हणाले, “आपलं मिटलं. तुझ्या आजीचं, मावशींचं आणि माझं मिटलेलं नाही. त्यांना सांग, माझी अक्षत अजून यायची आहे.” हे ते रागानं म्हणाले की कसं, मला कळलं नाही.

काल संध्याकाळी घरी आलो तर आचल टीव्ही बघत होती. मी आलो तरी बंद केला नाही. मी ओरडणार होतो. मग लक्षात आलं की सहा महिने मी याचसाठी खटपट करतो आहे. चप्पल काढली आणि तिच्याशेजारी बसलो. कार्यक्रम अगदीच वाईट होता.

वहीतला ‘अति नम्रता’ खोडला.

तुझा
रोहित

*

अमरावती
४ नोव्हेंबर २०२४

चि. रोहितले आजीचे गंज आशीर्वाद.

अक्षर अनोळखी दिसत असन. हे शालिकराम लिहून राहिला, तुहा मामा. चंदा शेजारच्या खोलीत आपल्या भावजयीसंगं बोलून राहिली. कालपासून बोलून राहिली, मधी फक्त झोपली.

तुहं पत्र तिनं वाचलं, मोठ्यानं. माह्यासाठी वाचलं का आपल्यासाठी, मले समजलं नाई. ‘आठवतच नाही’ हे वाचून ती थांबली अन माह्याकडं पाह्यलं. हसली असती तं बरं झालं असतं. ज्या पोळीवरून मी तेरा वर्षं इतकी तालेवार होऊन बसली, ती पोळी त्या माणसाच्या ध्यानातच नाई. मी एकटीच ती चावत होती, चार दातानं.

भाऊबीजेच्या सकाळी चंदानं पिशवी भरली. महिन्याभरात पह्यल्यांदा माह्याशी बोलली. म्हणे, “पेटीतलं फडकं घ्या.” एवढंच. तुह्या बापानं दोघीले एस.टी.त बसवलं. अमरावतीच्या स्टँडवर उतरली तं तो आलूबोंड्याचा गाडा अजून तिथंच. चंदानं विचारलं, “खाता काय?” मी म्हटलं, नाई. रिक्षानं दहा मिन्टंच लागले. मले वाटलं होतं जास्त लागतीन.

शालिकरामानं दार उघडलं. मी फडकं सोडलं अन त्याच्या हातात अक्षत दिली. म्हटलं, रोहितचं लग्न हाय, याले पायजे. त्यानं हातातले तांदूळ पाह्यले, माह्याकडं पाह्यलं, अन विचारलं, “मावशी, पाऊस होता काय?”

हे वाक्य तो लिहितानाबी हसून राहिला. मी तेव्हा हसली नाई, दाराची चौकट धरली. त्यानं मले धरून आत नेलं. चंदानं ताट केलं, भावाले ओवाळलं. इतका वेळ ओवाळत होती का निरांजन विझलं, पुन्हा लावलं, पुन्हा ओवाळलं. मी पाटाशी बसली होती. मले कोणी काई म्हटलं नाई, अन ते मले गंज लागलं.

चंदा आता माह्याशी बोलते, पण पत्र लिहून देत नाई. म्हणे, सहा महिने सुटी. बरोबर हाय. मी शालिकरामाले विचारलं, तुमच्या मंडळात मले घेतलं असतं तं गोटी कोणती टाकली असती? तो म्हणाला, पांढरी. मंग म्हणाला, पण तुमाले बाहेरच्या बाकावरच बसवलं असतं, तिथं तुमचं काम जास्त हाय. बुढ्याची जीभ मले आवडली. अकरा वर्षं फुकट गेली.

अक्षतेतली अर्धी राखून ठेवली. तू गीतांजलीले अन आचलले घेऊन ये, शालिकराम तुह्या मागं उभा राहीन, मी दोन दाणे टाकीन, अन फोटो काढू. त्या खिळेवाल्याचा फोटो अल्बमातून काढजो, पण फाडू नको. त्याचा काई दोष नव्हता.

आता कामाचं. सोळा तारखेच्या शनिवारी शालिकराम तुमच्या मंडळात येईन. तोपर्यंत मी इथंच हाय, त्यायनं ठेवून घेतलं. त्याच्या हाती माहा पितळी डबा पाठवजो. सुया आधी काढ. गीतांजलीची माय मांडे करते, तिच्याकडून करून घेजो अन डब्यात घडी घालून पाठवजो. इथं आमी सारे एकाच पंगतीत बसतो, तरी दोनचार जास्तीचे घालजो. कोणाच्याबी पानात पोळी याले नको.